गोव्याच्या डोंगरांपासून हिमालयाच्या धारेपर्यंत : आल्पाइन चढाईची घरच्या घरी तयारी

गोव्यातून हिमालयात चढाईसाठी जाऊ पाहणाऱ्याची पहिली अडचण बर्फाची असते. समुद्रकाठच्या घामट हवेत राहून बर्फावरची तयारी करायची तरी कशी, असा प्रश्न मला दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कोणी ना कोणी विचारतो. प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गैरसमज दडलेला आहे. आल्पाइन पद्धतीच्या चढाईत, म्हणजे आधीपासून दोर लावून न ठेवता, आपले सामान आपणच वाहत, पायथ्यापासून माथ्यापर्यंत आणि माथ्यावरून परत अशा एका सलग फेरीत जाण्याच्या पद्धतीत, खरोखर उभे आणि अवघड टप्पे थोडेच असतात. बाकीचा बहुतेक वेळ मध्यम उताराच्या कातळावरून, घसाऱ्यावरून आणि अरुंद धारेवरून हातापायांनी पुढे सरकण्यात जातो, आणि हे काम शिकायला बर्फ लागत नाही.

स्वित्झर्लंडमधील मॅटरहॉर्नची हर्नली धार घ्या. ३२६० मीटरवरच्या निवाऱ्यापासून ४४७८ मीटरच्या माथ्यापर्यंत ती सुमारे १२०० मीटर उंच चढते. तिच्यावरची बहुतेक ठिकाणे सुटी काढून जमिनीलगत मांडली, तर सरावातला प्रस्तरारोहक ती बोलता बोलता चढून जाईल. तशीच शेकडो ठिकाणे विरळ हवेत, वाट न चुकता, फारसे न थांबता चढणे आणि पुन्हा तितकीच उतरणे यात तिची कसोटी आहे. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिम्पर यांच्या सात जणांच्या तुकडीने हा माथा पहिल्यांदा गाठला, आणि त्यांतील चौघांचा मृत्यू झाला तो उतरताना : एकाचा पाय सुटला, त्याच्यासोबत दोराने बांधलेले आणखी तिघे ओढले गेले आणि दोर तुटला. म्हणूनच पुढच्या सगळ्या मार्गदर्शनाचा भर सोप्या जमिनीवरच्या वेगावर आणि उतरण्याच्या शिस्तीवर आहे. बोटांची ताकद त्यानंतर येते.

वर्षाची आखणी

हिमाचल आणि उत्तराखंडातील चढाईचे मुख्य हंगाम दोन, मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. गोवेकराने पहिल्या मोहिमेसाठी मे-जूनच निवडावा, कारण त्याच्या आधीचे कोरडे महिने आपल्याला डोंगरात वापरता येतात, तर सप्टेंबरच्या मोहिमेआधीचे तीन महिने पावसात जातात. आखणी जूनपासून मोजावी. जून ते ऑक्टोबर या काळात दम आणि पाय घडवावेत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी धारांवर घालवावेत आणि मार्च-एप्रिलमध्ये पाठीवरचे ओझे व दिवसाची लांबी वाढवावी. दर चौथ्या आठवड्यात मेहनत निम्म्यावर आणावी. हे वेळापत्रक चवथीच्या दिवसांत बिनदिक्कत मोडावे. नेवऱ्या खाऊन घेतलेली आठवडाभराची विश्रांती कोणाच्याही चढाईला बाधत नाही, मात्र तो बुडालेला आठवडा भरून काढण्यासाठी पुढच्या आठवड्यात दुप्पट मेहनत केली तर गुडघा हमखास धरतो.

पाय आणि दम

आल्पाइन चढाईचा दिवस दहा-बारा तासांचा, कधी त्याहून मोठा असतो. त्यासाठी लागणारी ताकद धापा टाकत केलेल्या पळापळीतून येत नाही. आठवड्यातील बहुतेक मेहनत इतक्या सावकाश करावी की सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता यावे. वाक्य मध्येच तुटू लागले की वेग कमी करावा. तरुणांना हा सल्ला पटत नाही, मलाही पटला नव्हता, आणि त्यापायी दोन हंगाम मी दमछाकीलाच तयारी समजत राहिलो. जोराची, श्वास फुलवणारी चढण आठवड्यातून एकदा पुरे.

उंचीच्या हिशेबासाठी केपे तालुक्यातील पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर फार सोयीचा आहे. तो सुमारे ३५० मीटर उंच असून वर चंद्रेश्वर भूतनाथाचे देऊळ आहे, आणि पायथा जवळजवळ समुद्रसपाटीला असल्याने चढलेली उंची जवळपास पूर्ण पदरात पडते. तीन फेऱ्या केल्या की हजार मीटर होतात. स्कॉटलंडचे विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा मेट्रिकमध्ये मांडला तर तो असा : सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि चढाच्या प्रत्येक ६०० मीटरसाठी एक तास जादा. त्या हिशेबाने तीन फेऱ्यांची निव्वळ उंचीच पावणेदोन तासांची ठरते. पहिल्या महिन्यात आठवड्याला एकूण ५०० मीटर चढावे आणि दर आठवड्याला साधारण दहा टक्क्यांनी वाढवत एप्रिलपर्यंत एकाच दिवशी १२०० ते १५०० मीटरपर्यंत पोहोचावे. ज्यांना पारोडे लांब पडते त्यांनी इमारतीचे जिने वापरावेत. एका मजल्याची उंची सुमारे तीन मीटर धरली तर दहा मजल्यांच्या दहा फेऱ्या म्हणजे ३०० मीटर, आणि कंटाळा मात्र ३००० मीटरांचा.

ओझे वाढवताना पिशवीत पाण्याच्या बाटल्या भराव्यात. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे तराजू लागत नाही, आणि सुरुवातीच्या महिन्यांत माथ्यावर पाणी ओतून टाकले की उतरताना गुडघ्यांवरचा भार निघून जातो. हे पाणी देवळाच्या आवारात न ओतता झाडांच्या बुंध्याशी ओतावे. सुरुवात पाच किलोंपासून करावी आणि एप्रिलमध्ये बारा ते पंधरा किलोंपर्यंत जावे. शेवटच्या सहा आठवड्यांत ओझे घेऊनच उतरावे, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि ती सवय वेगळी लावावी लागते. घरी पायरीवर एका पायाने उभे राहून दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंदांत जमिनीला टेकवणे आणि पुन्हा वर येणे, हा व्यायाम प्रत्येक पायाने पंधरा वेळा, आठवड्यातून तीनदा केला तरी गुडघ्यातला फरक महिन्याभरात कळतो.

मार्चनंतर आपल्याकडे उकाडा इतका असतो की चढाई पहाटे साडेपाचला सुरू करून नऊच्या आत संपवावी. पाण्यासोबत मीठ-साखर घ्यावी. चांगली वाळलेली आमसुले आणि गूळ हे मला बाजारातल्या कोणत्याही पुडीपेक्षा मानवते.

पायाखालचा दगड ओळखणे

गोव्यातला ओळखीचा दगड म्हणजे जांभा. तो भोकाळ आणि खरखरीत असतो, बुटाला छान पकड देतो, आणि हाताने ओढला की ढेकळासारखा निघून येतो. गिर्यारोहकाच्या दृष्टीने हा दोष नसून शिक्षण आहे, कारण हिमालयातील धारांवरचा दगडही बऱ्याच ठिकाणी असाच सुटा असतो. जांभ्यावर वावरलेला माणूस कोणताही होल्ड, म्हणजे हातापायांचा आधार, आधी मनगटाने ठोकून आवाज ऐकल्याशिवाय, आणि मग हलका दाब देऊन पाहिल्याशिवाय त्यावर वजन टाकत नाही. पोकळ आवाज आला तर तो होल्ड सोडावा. तसाच वापरावा लागला तर बाहेर न ओढता खाली दाबावा.

पायांचा सराव किनाऱ्यावर करता येतो. हणजूण-वागातोरच्या बाजूला किंवा काब द रामच्या किल्ल्याखाली ओहोटीच्या वेळी खडकांचे विस्तृत पट्टे उघडे पडतात. जमिनीपासून एक मीटरपेक्षा जास्त उंच न जाता त्यांच्यावरून आडवे सरकत राहावे. पहिल्या फेरीत हातांचा आधार घ्यावा, दुसऱ्या फेरीत एकच हात वापरावा आणि तिसऱ्या फेरीत दोन्ही हात पाठीमागे बांधावेत. पाय ठेवण्याआधी नजर जागेवर खिळवावी, पाय एकदाच ठेवावा आणि मग हलवू नये. हा सराव स्पोर्ट्स शूजमध्ये करण्यात अर्थ नाही. जे बूट डोंगरात घालणार तेच घालावेत. हिरवे शेवाळ आणि काळा बुळबुळीत पट्टा टाळावा, कालवांच्या कडा हात कापतात हे लक्षात ठेवावे, भरतीची वेळ आधी पाहून परतीची वाट मोकळी ठेवावी, आणि जून ते सप्टेंबर या खडकांवर पाऊलही टाकू नये. त्या महिन्यांत लाट मागून येते आणि माणसाला घेऊन जाते.

चढताना दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी दगडावर असावेत, हा थ्री पॉइंटचा नियम सह्याद्रीत फिरणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. त्याच्या जोडीने एक गोष्ट फार कमी जण पाळतात : हात खांद्याच्या वर फारसे जाऊ देऊ नयेत. हात उंच ताणला की पोट दगडाला चिकटते, पाय दिसेनासे होतात आणि टाचा वर उचलल्या जाऊन बुटाची पकड सुटते.

धारांवर

नोव्हेंबरात गवत सुकू लागले की धारांचे दिवस सुरू होतात. गोव्यातील सर्वांत उंच शिखर, सुमारे ११६६ मीटरचा सोसोगड, सत्तरी तालुक्यात म्हादई अभयारण्याच्या हद्दीत आहे. तिथे किंवा मोले आणि नेत्रावळीच्या रानात वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय आणि गावातला वाटाड्या सोबत असल्याशिवाय जाऊ नये. ही औपचारिकता नाही, कारण दाट रानात धार सापडणेच अवघड असते आणि चुकलेल्याला शोधणे त्याहून अवघड. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि हा ताप गोचिडीच्या चाव्यातून होतो. म्हणून कोरड्या महिन्यांत पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत, पाचोळ्यावर बसू नये आणि घरी आल्यावर अंग नीट तपासावे. कड्याखाली आग्या मोहोळ दिसले तर त्या दिवशीची वाट बदलावी. अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही वर्ज्य.

धारेचे खरे शिक्षण घ्यायला मात्र सीमा ओलांडावी लागते, आणि त्यात गोवेकराचे नशीब चांगले आहे. पहाटे निघून सिंधुदुर्गात शिरले की मनोहर-मनसंतोषगडाची जोडी आणि रांगण्याचा परिसर एका दिवसाच्या टप्प्यात येतो. त्यांतील मनसंतोषगडाची जुनी वाट तुटलेली असल्याने तिथे कातळाला हात लावावाच लागतो. पहिला हंगाम इकडेच घालवावा. दुसऱ्या हंगामात सलग तीन-चार दिवसांची सुट्टी काढून नगर-ठाण्याच्या सीमेवर जावे आणि बेलपाड्याहून नळीच्या वाटेने १४२४ मीटरच्या हरिश्चंद्रगडावर चढावे. कोकणकड्याच्या कुशीतली ही नाळ, म्हणजे कड्यांमधली अरुंद घळ, एका दिवसात हजार मीटरपेक्षा अधिक उंची, तासन्‌तास सुटे धोंडे आणि मधले कातळटप्पे देते, आणि हिमालयातील चढाईच्या दिवसाची इतकी जवळची तालीम या बाजूला क्वचितच मिळते. नाळेत दोन तुकड्या एकाखाली एक असू नयेत, हेल्मेट पायथ्यापासून डोक्यावर असावे आणि दगड सुटला तर ‘दगड!’ एवढाच शब्द ओरडावा. ‘अरे, सांभाळून’ म्हणेपर्यंत दगड खाली पोहोचलेला असतो.

धारेवर दृष्टिभय वाटते, म्हणजे दोन्ही बाजूंची खोली दिसून पाय आखडतात. ते जात नाही, पण त्याच्यासोबत काम करता येते. नजर पुढच्या दोन पावलांवर ठेवावी, श्वास मोजावा, आणि एकाच धारेवर महिन्याच्या अंतराने तीनदा जावे. पहिल्या वेळी जिथे बसून सरकलो तिथे तिसऱ्या वेळी उभ्याने चालता आले, की आपल्या प्रगतीचे मोजमाप हाती येते. प्रत्येक वेळी वेळाची नोंद वहीत करावी : किती उंची, किती अंतर, किती वेळ, कुठे थांबलो आणि का थांबलो. मी माझी जुनी वही उघडली तेव्हा असे दिसले की सहा तासांच्या फेरीतला दीड तास पिशवी उघडण्यात, दोर गुंडाळण्यात आणि ‘इकडून की तिकडून’ या चर्चेत गेला होता. दम वाढवून तो दीड तास कधीच वाचला नसता. तेव्हापासून पाणी आणि खाऊ कमरेच्या कप्प्यात ठेवणे, थांबा तासातून एकदाच आणि पाच मिनिटांचा घेणे, आणि पुढचा टप्पा उभ्या उभ्या वाचून ठेवणे हा नियम झाला.

परतण्याची वेळ घरूनच ठरवून निघावी. आंबोलीच्या बाजूच्या एका डोंगरसोंडेवर मी ती वेळ चाळीस मिनिटे पुढे ढकलली, कारण माथा ‘समोरच’ होता. परिणामी शेवटचा कातळटप्पा बॅटरीच्या उजेडात उतरावा लागला आणि चढताना पाच मिनिटे लागलेल्या जागी पाऊण तास गेला. कोणाला काही झाले नाही, त्यामुळे त्या चुकीची शिक्षा मिळाली नाही, आणि तीच गोष्ट मला जास्त टोचते.

उतरणे

जे उतरता येणार नाही ते चढू नये. सरावात हा नियम पाळायचा तर प्रत्येक छोटा टप्पा चढून लगेच उतरावा, आणि तोच टप्पा दहा वेळा करावा. सोप्या उतारावर तोंड दरीकडे ठेवून, गुडघे वाकवून, पाऊल पूर्ण टेकवत उतरावे. उतार वाढला की अंग आडवे वळवून बाजूने उतरावे. आणि आणखी उभा झाला की तोंड कातळाकडे वळवून, वळून पायांच्या जागा पाहत उतरावे. बहुतेक जण उशिरा वळतात. बसून घसरत जाण्याचा मोह टाळावा, कारण तेव्हा पायांवरचे वजन जाते आणि पिशवी मागे कातळाला टेकून माणसाला पुढे ढकलते. घसाऱ्यावर टाच रोवून, तुकडीने जवळजवळ राहून किंवा तिरक्या रांगेत उतरावे, म्हणजे सुटलेला दगड खालच्यापर्यंत वेग घेत नाही.

दोर

दोराविषयी लेखातून सांगता येईल ते थोडेच. बाकीचे जाणकार प्रशिक्षकाच्या हाताखाली शिकावे लागते. तरीही निघण्यापूर्वी आठाची गाठ, क्लोव्ह हिच, इटालियन हिच आणि प्रूसिक या चार गाठी अंधारात आणि ओल्या हातांनी बांधता आल्या पाहिजेत. एका दोन जणांच्या तुकडीला मध्यम धारेसाठी ३० ते ४० मीटरचा दोर, प्रत्येकी हेल्मेट व हार्नेस, १२० सेंटिमीटरच्या दोन-तीन स्लिंग (पट्टीचे शिवलेले फास), एक २४० सेंटिमीटरची, चार-पाच स्क्रू कॅराबिनर (पेचाने बंद होणाऱ्या कड्या), काही नट (कातळाच्या भेगेत अडकवायचे धातूचे ठोकळे) आणि ६ मिलिमीटरच्या दोरीचे दोन प्रूसिक फास एवढे पुरते.

दोघांनी एकाच वेळी चालत, मधला दोर आखूड करून पुढे जाण्याची पद्धत आल्पाइन चढाईचा कणा आहे, आणि सर्वांत जास्त गैरसमजही तिच्याविषयीच आहेत. दोघांच्या मधला दोर कशालाच अडकलेला नसेल तर एकाच्या चुकीने दोघे जातात. अशा वेळी दोर न बांधणे अधिक सुरक्षित. म्हणून मधला दोर कातळाच्या शिंगांआडून, खाचांतून, धारेच्या या बाजूने आणि त्या बाजूने विणत न्यावा आणि दोघांच्या मध्ये निदान एक भक्कम अडसर सतत असेल असे पाहावे. त्यासाठी शिंग घट्ट आहे का, दोर त्यावरून निसटणार तर नाही ना, आणि कड धारदार आहे का, हे चालता चालता तपासायची सवय लागते. जिथे असा अडसर मिळत नाही आणि पडणे परवडणार नाही, तिथे थांबून रीतसर बिले द्यावा, म्हणजे एकाने पक्क्या जागी स्वतःला अडकवून दुसऱ्याचा दोर धरावा. कधी दोर सोडावा, कधी चालत राहावे आणि कधी थांबावे, हा निर्णय एका फेरीत वीस-पंचवीस वेळा घ्यावा लागतो. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरची क्युलिन धार सुमारे १२ किलोमीटर लांब असून १९११ मध्ये ती प्रथम एका दिवसात पार झाली. आजही तिच्यावर वेळ खातात ते हेच निर्णय.

उभ्या कातळाचा सराव बदामीच्या वालुकाश्मावर किंवा हंपीच्या ग्रॅनाइटवर, हिवाळ्यातील दोन-तीन लांबट शनिवार-रविवारी करावा. तिथे कमाल अवघड मार्गामागे लागण्याऐवजी सोपे मार्ग डोंगरातले बूट घालून आणि पाठीवर पिशवी घेऊन चढावेत. आल्प्समधील मार्गांची अवघडता फ्रेंच शब्दांच्या आद्याक्षरांनी लिहितात : एफ म्हणजे सोपा, पीडी म्हणजे थोडा अवघड, एडी म्हणजे बऱ्यापैकी अवघड. पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या आपल्याकडच्या आजोबांना हे शब्द ऐकताच उमगतात. पहिल्या दोन मोहिमा एफ आणि पीडीच्याच पातळीवर ठेवाव्यात.

हिमालयात पोहोचल्यावर

बर्फावरची चाल, आइस ॲक्सने (बर्फाच्या कुऱ्हाडीने) घसरण थांबवणे आणि हिमभेगांतून सुटका या गोष्टी इथे शिकता येत नाहीत. त्यांच्यासाठी उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, मनालीची किंवा दार्जिलिंगची संस्था यांचा सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम करावा, आणि जागा लवकर भरत असल्याने अर्ज फार आधी करावा. अभ्यासक्रमानंतर सोलंग खोऱ्यातील ५२८९ मीटरचे फ्रेंडशिप शिखर हे पहिल्या चढाईसाठी नेहमी निवडले जाते.

विरळ हवेची सवयही गोव्यात लागत नाही. ५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, आणि कितीही दम असला तरी शरीराला वेळ द्यावाच लागतो. मडगावहून रेल्वेने निघालेला माणूस तिसऱ्या दिवशी मनालीत, म्हणजे सुमारे २०५० मीटरवर पोहोचतो. तिथे दोन रात्री काढाव्यात. ३००० मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच तळावर राहावे. डोकेदुखीसोबत ओकारी किंवा तोल जाणे सुरू झाले तर खाली उतरावे, रात्र असली तरीही. सुट्टीचा अर्ज करताना वाईट हवामानासाठी तीन दिवस आणि सवयीसाठी दोन दिवस आधीच जोडून घ्यावेत. परतीचे तिकीट मात्र चढाईच्या शेवटच्या दिवसाला लागूनच काढू नये, कारण तारीख जवळ आली की माथ्याकडे ढकलणारा हात तिकिटाचाच असतो.